बिडी सुटली, पुडी लागली: धूम्रपान सोडताना काय करावं, काय टाळावं

"बिडी एकदम सोडली तर अंगावर तर येणार नाही ना?" "सिगारेट बंद केली, आता नुसती गायछाप आहे, चालतंय ना?" "सकाळी दोन झुरके मारल्याशिवाय पोटच साफ होत नाही, त्याचं काय करायचं?" तलवाडा, गेवराई, माजलगाव या पट्ट्यातल्या वाचकांकडून हे तीन प्रश्न फिरून फिरून येतात. विचारणारे बहुतेक जण चाळिशीच्या पुढचे असतात. एकदा-दोनदा सोडून पाहिलेलं असतं आणि पुन्हा लागलेली असते. सोडायची इच्छा त्यांच्याकडे भरपूर आहे. अडतं ते नेमकं काय करायचं, कधी करायचं आणि कुणाला विचारायचं इथे. म्हणून हा लेख तेवढ्यापुरताच.

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण सगळ्यांत जास्त नुकसान तिथेच होतं. नाही, चालत नाही. का, ते पुढे सविस्तर येईल.

सवय कुठे चिकटली आहे, ते ओळखा

तुमच्यापैकी ज्यांचं लहानपण साठ-सत्तरच्या दशकात गेलं, त्यांनी धूर नसलेली जागा क्वचितच पाहिली असेल. एसटीत "धूम्रपान करू नये" ही पाटी आणि तिच्याखाली बसून बिडी ओढणारा प्रवासी, दोन्ही एकाच वेळी असत. लग्नात जानवशावर वऱ्हाडी मंडळींपुढे ताट फिरायचं, त्यात पानसुपारीशेजारी सिगारेटी आणि बिड्या मांडलेल्या असायच्या. ते ताट आलं नाही तर व्याही रुसायचे. पाहुणा आला की पाण्याच्या तांब्यापाठोपाठ चंची पुढे व्हायची. गुरुजी वर्गातल्या पोराला दुकानावर पिटाळायचे आणि पोरगंही मान मिळाल्यासारखं पळत जायचं.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादच्या वझीर सुलतान कंपनीची बिनफिल्टरची चारमिनार इकडच्या जुन्या माणसांना म्हणूनच परकी वाटत नसे. पण सिगारेट मास्तर, तलाठी, कंपाउंडर यांच्या खिशात. शेतातल्या माणसाच्या मुंडाशात बिडीचा कट्टा आणि काडेपेटी. घरात आजी तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायची. तिला कुणी व्यसनी म्हटलं नाही. पाकिटावर इशारा छापण्याचा कायदा १९७५ मध्ये झाला, तोही फक्त सिगारेटसाठी. बिडीला त्यातून सूट होती. १९९६ मध्ये आपल्याकडे क्रिकेटचा विश्वचषक झाला, त्याच्या नावातच सिगारेटचं नाव होतं. टीव्हीसमोर बसलेल्या पोरासोरांना ते खटकायचं काही कारणच नव्हतं.

हे सगळं सांगायचं कारण आठवणी काढणं नाही. तुमची सवय तुम्ही एकट्याने लावून घेतलेली नाही, ती ठरावीक वेळांना, माणसांना आणि जागांना चिकटलेली आहे. सोडताना त्या वेळा आणि जागा हाताळाव्या लागतात, नुसता मनाशी निश्चय पुरत नाही.

त्यासाठी सोडण्याआधीचे तीन-चार दिवस एक साधं काम करा. बिडीच्या कट्ट्यात किंवा पाकिटात कागदाची चिठ्ठी ठेवा आणि प्रत्येक वेळी ओढण्यापूर्वी लिहा: किती वाजले, सोबत कोण, तलफ होती की नुसतंच हात गेला. लिहिता येत नसेल तर घरातल्या पोराकडून नाही, बायकोकडून किंवा भावाकडून रेघा मारून घ्या. चिठ्ठी पाहिली की बहुतेकांच्या लक्षात येतं की दिवसातल्या अर्ध्याहून जास्त बिड्या खऱ्या तलफेच्या नसतातच. चहा आला म्हणून, मोटार चालू व्हायची वाट बघताना, कुणी "काडी हाय का" म्हटलं म्हणून पेटलेल्या असतात. आणखी एक गोष्ट पाहा. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली पेटते का? तसं असेल तर तुमच्या शरीराला निकोटिनची सवय पक्की लागलेली आहे आणि औषधाची मदत घेणं शहाणपणाचं ठरेल.

एकदम सोडावी की कमी करत जावं?

एकदम. तारीख ठरवा आणि त्या दिवशी पूर्ण थांबा. रोज एक-एक कमी करत जाणारे बहुतेक जण चार-पाच बिड्यांवर येऊन अडकतात, कारण उरलेली प्रत्येक बिडी आधीपेक्षा गोड लागते. दोन्ही पद्धतींची तुलना करणारे अभ्यास झालेले आहेत आणि ठरवलेल्या दिवशी पूर्ण थांबणारे कमी करत जाणाऱ्यांच्या मागे पडलेले नाहीत. एकदम सोडल्याने जिवाला धोका होतो, ही समजूत मनातून काढून टाका. दारूचं तसं होऊ शकतं. फार पिणाऱ्याने दारू डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये. बिडीचं तसं नाही. त्रास होतो, पण धोका नाही.

तारीख निवडताना एवढं पाहा:

- ऊसतोडीला निघायच्या आठवड्यात, घरात लग्न असताना किंवा कोर्टकचेरीच्या तारखेजवळ सुरुवात करू नका.
- आजपासून दोन आठवड्यांच्या आतली तारीख घ्या. "पुढच्या पाडव्यापासून" म्हणजे बहुधा कधीच नाही.
- आदल्या रात्री घरातले कट्टे, पाकिटं, काडेपेट्या (चुलीची सोडून), राख झाडायची वाटी, चुन्याची डबी सगळं बाहेर काढा. "एक अडीअडचणीला असू द्या" म्हणून ठेवलेली बिडीच अडचण करते.
- निदान दोन माणसांना सांगा. त्यातला एक रोज तुमच्यासोबत बिडी ओढणारा असावा.

नवरात्रात त्वरिता देवीला अनवाणी जाणारी, नऊ दिवस तंबाखूला हात न लावणारी माणसं तुमच्या ओळखीत नक्की असतील. कदाचित तुम्हीच असाल. रमजानमध्ये दिवसभर बिडी न ओढणारे शेजारीही आहेत. म्हणजे थांबता येतं, हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. अडचण पुढे येते: घट उठले की बिडी पेटते, रोजा सोडताना खजुराच्या मागोमाग झुरका होतो. नवरात्र किंवा रमजान तुम्ही सोडण्याची सुरुवात म्हणून जरूर वापरा, पण मग दहाव्या दिवसाची आणि ईदच्या दिवसाची तयारी आधी करा. तोवर शरीराचा सगळ्यांत अवघड काळ उलटून गेलेला असतो. उरते ती "आता सुटलो" ही भावना, आणि तिच्यापायीच बहुतेकांची पुन्हा सुरू होते. गळ्यात तुळशीची माळ घालून सोडणारेही बरेच आहेत आणि त्यांना त्याचा मोठा आधार होतो. मात्र सप्ताहाच्या मंडपामागे टाळकऱ्यांमध्ये पुडी फिरताना आपण सगळ्यांनीच पाहिली आहे, तेव्हा नुसत्या माळेच्या भरवशावरही राहू नका.

सगळ्यांत मोठा खड्डा: धुराऐवजी पुडी

आता तो मधला प्रश्न. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात प्रौढांपैकी शंभरात सुमारे चार जण धूम्रपान करतात आणि चोवीस जण तंबाखू खातात, लावतात किंवा चघळतात. म्हणजे आपल्याकडे धूर कमी झाला, तंबाखू तोंडात जाऊन बसली. बिडीला घरातले बोलतात, वास येतो, पेटवायला बाहेर जावं लागतं. पुडी मात्र कुणाला दिसत नाही. देवळातसुद्धा बार भरून बसता येतं.

शरीराच्या दृष्टीने यात काहीही सुटलेलं नसतं. निकोटिन तेच, उलट बार तासभर गालात राहतो, त्यामुळे ते बराच वेळ रक्तात मिसळत राहतं. फुप्फुसावरचा भार काही प्रमाणात कमी होतो, पण तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. शिवाय तलफ जिवंत ठेवलेली असल्याने वर्षभराने लग्नात कुणी बिडी पुढे केली की तीही परत येते. मग बिडी आणि पुडी, दोन्ही. असे वाचक मला सगळ्यांत जास्त भेटतात.

याच जातीच्या आणखी काही पळवाटा आहेत:

- सुपारी. "तंबाखू नाही, नुसती सुपारी" हे सुरक्षित वाटतं, पण नाही. तोंड उघडणं कमी होत जाण्याचा जो आजार आपल्याकडे तरुण मुलांना होतो, त्याचं मुख्य कारण सुपारीच आहे. तंबाखूशिवायही ती कर्करोगाला कारण ठरते.
- गुटखा आणि मावा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तरी तो कुठे मिळतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.
- मिश्री. ही तंबाखूच आहे, भाजलेली. दात त्यामुळे टिकत नाहीत, हिरड्या मात्र जातात. गरोदर बाईने मिश्री लावली तर बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका वाढतो.
- बिडीऐवजी "हलकी" सिगारेट. कमी कडक सिगारेट माणूस जास्त खोल ओढतो. हिशेब तिथेच येतो. उलट बाजूने, बिडी सिगारेटपेक्षा कमी वाईट, हेही खोटं आहे. टेंभुर्णीच्या पानातली बिडी विझू नये म्हणून ती वरचेवर ओढावी लागते आणि धूर जास्त आत जातो.
- इलेक्ट्रॉनिक सिगारेट. २०१९ च्या कायद्याने तिची विक्री, आयात, साठवण सगळंच बंद आहे. कुणी ऑनलाइन मागवून देतो म्हणाला तर त्या भानगडीत पडू नका.

तोंडात काहीतरी हवंच असेल तर बडीशेप, लवंग, भाजलेला ओवा, सुकवलेला आवळा खिशात ठेवा. पुडी ठेवायचा तोच खिसा वापरा, हात सवयीने तिथेच जातो.

औषधं: काय मिळतं आणि कसं घ्यायचं

मेडिकलवर निकोटिनची च्युइंगम मिळते. दोन मिलिग्रॅमची डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते, चार मिलिग्रॅमच्या गमला चिठ्ठी लागते. बऱ्याच जणांना ती "लागू पडत नाही", कारण ते ती साध्या च्युइंगमप्रमाणे भराभर चावतात. निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं आणि तलफ तशीच राहते. बरोबर पद्धत ही:

1. गम हळूहळू चावा. तिखट चव आली किंवा तोंडात झिणझिण्या आल्या की थांबा.
2. गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ती ठेवून द्या, बार ठेवता तशी. तंबाखू खाणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही.
3. चव गेली की पुन्हा दोन-चारदा चावा, जागा बदलून पुन्हा ठेवा. अर्धा तास असं चालू द्या.
4. गम घेण्याआधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, लिंबू सरबत, थंडगार बाटली काहीही नको. पाणी चालेल. चहासोबत घेतलेली गम वाया जाते.

पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार-आठ तासांनी, असा बारा आठवड्यांचा क्रम असतो. तलफ आल्यावर शोधत बसण्यापेक्षा वेळेवर घेत राहिलं तर उपयोग जास्त होतो. उठल्यावर अर्ध्या तासात बिडी लागणाऱ्यांनी चार मिलिग्रॅमबद्दल डॉक्टरांना विचारावं. कवळी असेल किंवा तोंड नीट उघडत नसेल तर गमऐवजी कातडीवर लावायची निकोटिनची पट्टी मिळते.

याशिवाय ब्युप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन या गोळ्या आहेत. त्या डॉक्टरांनीच द्यायच्या असतात आणि सोडायच्या तारखेच्या साधारण आठवडाभर आधी सुरू करतात, म्हणून डॉक्टरांकडे तारखेच्या दिवशी नाही, आधीच जा. फिट्सचा त्रास असेल तर ब्युप्रोपिऑन चालत नाही, हे न विसरता सांगा. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा गरोदर असाल तर गमसुद्धा विचारल्याशिवाय घेऊ नका.

एक गोष्ट डॉक्टरांकडूनही कधी कधी विचारायची राहून जाते. बिडीच्या धुरामुळे काही औषधं शरीरातून लवकर निघून जातात, आणि बिडी थांबली की त्यांचं प्रमाण रक्तात वाढतं. दम्यासाठी डेरिफायलिनची गोळी चालू असेल, मानसिक आजारावर ओलान्झापिन किंवा क्लोझापिन चालू असेल, तर "मी बिडी सोडतोय" हे आधी कळवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनीही साखर जास्त वेळा तपासावी. चहाचंही तसंच होतं. बिडी सुटल्यावर तेवढ्याच चहाने धडधड आणि झोपमोड वाढते. लोक ती बिडी सोडल्याची शिक्षा समजतात आणि पुन्हा पेटवतात. चहा निम्म्यावर आणा, बराच फरक पडेल.

टपरीवर, जत्रेत आणि मोबाइलवर "सात दिवसांत तंबाखू बंद, घरच्यांनी चहातून द्या" असली चूर्णं विकली जातात. पुडीवर नक्की काय आहे ते लिहिलेलं नसतं. माणसाला न सांगता त्याला औषध देणं तर चूकच आहे. पैसे घालवू नका.

पहिले तीन आठवडे

दुसरा-तिसरा दिवस सगळ्यांत जड जातो. चिडचिड, डोकं जड, झोप तुटक, भूक वाढलेली. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. खोकला काही दिवस वाढलेला वाटेल. छाती साफ होऊ लागल्याची ती खूण असू शकते, पण रक्त पडलं किंवा ताप आला तर लगेच दाखवा. एक तलफ साधारण पाच-दहा मिनिटं टिकते. तेवढी टळली की टळली. पाणी प्या, जागा बदला, फोन लावा, जनावरांना वैरण टाका, काहीही करा.

पोटाचं म्हणाल तर तुमचं म्हणणं खरं आहे. निकोटिन आतड्यांना हलवतं, म्हणून सकाळच्या बिडीने संडासला होतं. ती थांबली की काही दिवस बद्धकोष्ठ होतं. उठल्याबरोबर दोन तांबे कोमट पाणी, थोडं चालणं आणि रोज ठरलेल्या वेळी जाऊन बसणं, एवढं करा. रात्री इसबगोल घेतलं तरी चालेल. एक-दोन आठवड्यांत शरीर नवी घडी बसवतं. या एका कारणाने परत बिडीकडे वळलेली माणसं थोडीथोडकी नाहीत, आणि लाजेने ती कुणाला सांगतही नाहीत.

वजन चार-पाच किलोने वाढू शकतं. पहिले दोन महिने त्याची काळजी करू नका. मन फारच उदास राहत असेल, काहीच नको वाटत असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येतं.

फडात असताना

दसरा-दिवाळीनंतर गावातली कितीतरी घरं कोयता घेऊन बाहेर पडतात आणि चार-सहा महिने कोपीत राहतात. तिथे पहाटेची थंडी असते, रात्री गाडी भरायची असते आणि सगळी टोळी ओढणारी असते. तिथे सोडणं अवघड आहे, हे मान्यच करावं लागतं. पण मला वाटतं, खरी अडचण थंडीची नाही. फडात बिडी ओढणाऱ्याला पाच मिनिटं बसायचं निमित्त मिळतं. मुकादम "बिडी पितोय" म्हटलं की गप्प राहतो; नुसताच बसलेला दिसला की हाक मारतो. बिडी म्हणजे विसाव्याची परवानगी झाली आहे. म्हणून सोडणारा माणूस बिडीबरोबर विसावाही गमावतो, दमतो आणि आठवड्यात परत ओढू लागतो.

तेव्हा बिडी सोडा, थांबणं सोडू नका. टोळीला आणि मुकादमाला पहिल्याच दिवशी सांगून टाका की मी पाण्याला थांबणार. गूळ-शेंगदाणे सोबत ठेवा, बाकीचे ओढायला बसले की तुम्हीही बसा, फक्त वाऱ्याच्या वरच्या बाजूला. जोडीने कोयता असेल तर नवरा-बायकोने एकदमच सोडा, त्याची बिडी आणि तिची मिश्री. एकाने सोडून दुसऱ्याने चालू ठेवली तर कोपीत दोघांचंही टिकत नाही. गम लागणार असेल तर निघण्याआधी गावातच घेऊन ठेवा. शक्य असेल तर तारीख मार्च-एप्रिलमध्ये परत आल्यानंतरची धरा आणि पुढच्या हंगामाला सोडलेली माणसं म्हणूनच जा.

पैशाचा हिशेब एकदाच करा. बिडीकाडी आणि पुडी मिळून दिवसाला तीस रुपये धरले तरी वर्षाचे १०,९५० होतात. १,३५० रुपयांच्या भावाने डीएपीच्या आठ बॅगा.

घसरलात तर

एखादी बिडी ओढली गेली म्हणजे सगळं बुडालं असं नाही. बहुतेकांना कायमची सुटायच्या आधी एकाहून जास्त वेळा प्रयत्न करावा लागतो. त्या दिवशी फक्त एवढं करा: उरलेला कट्टा फेका, ज्या माणसासोबत किंवा ज्या जागी घसरलात ती लिहून ठेवा, आणि दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच क्षणापासून पुन्हा थांबा. "आता ओढलीच आहे तर आजचा दिवस जाऊ दे" यात आठवडा जातो.

टपरीवरची एक सुटी सिगारेट ही परतीची नेहमीची वाट आहे. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला बंदी आहे. बंदी कशी पाळली जाते ते आपण पाहतोच, पण टपरीवाला ओळखीचा असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा, "मी मागितली तरी देऊ नको." ओळखीची माणसं हे पाळतात.

घरातल्यांना एक विनंती. टोमणे मारू नका आणि पाळतही ठेवू नका. पहिल्या आठवड्यात त्याच्यावर मोठं काम, मोठा वाद टाकू नका. जेवण झाल्यावरची दहा मिनिटं कठीण असतात, तेव्हा सोबत बसा.

तुमचे आणि तुमच्या घरातल्यांचे हक्क

तंबाखू नियंत्रणाचा कायदा २००३ चा आहे. त्याआधी, २ नोव्हेंबर २००१ रोजी, मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने दवाखाने, शाळा, कोर्ट, सरकारी कचेऱ्या, बस-रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपान बंद करायला सांगितलं होतं. आजची स्थिती अशी:

- सार्वजनिक जागी धूम्रपान केल्यास २०० रुपयांपर्यंत दंड. २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांत कामाची ठिकाणं, हॉटेलं, बसथांबे आणि बसस्थानकंही येतात.
- अशा जागेच्या दारावर "धूम्रपान निषिद्ध क्षेत्र" असा फलक आणि तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव असलं पाहिजे. तक्रार करूनही प्रमुखाने काही केलं नाही तर दंड त्यालाही होतो. शाळेत मुख्याध्यापक, दवाखान्यात अधीक्षक यांना दंड करायचा अधिकार आहे.
- अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही आणि त्याला दुकानावर बसवून विकायलाही लावता येत नाही. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे साधारण नव्वद मीटरच्या आत विक्रीच बंद आहे.
- मुलाला तंबाखू देणं हा बालन्याय कायद्याच्या कलम ७७ खाली गंभीर गुन्हा आहे: सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. "जा रे, कट्टा घेऊन ये" म्हणून पोराला पाठवताना हे ध्यानात असू द्या.

स्वतःच्या घरात ओढण्यावर कायद्याची बंदी नाही. पण त्या धुराने घरातल्या लहान मुलाला दमा, छातीचे आजार, कानाचे आजार होण्याचा धोका वाढतो, आणि खिडकी उघडी ठेवून तो टळत नाही. सुनेने सासऱ्यांना हे तोंडावर सांगणं सोपं नाही. लसीकरणाला जाल तेव्हा आशाताईंना किंवा नर्सबाईंना सांगा, त्यांनी घरी येऊन म्हटलं की ऐकलं जातं.

मदत कुठे मिळेल

सगळ्यांत सोपी मदत तुमच्या हातातल्या पाकिटावरच छापलेली असते: १८००-११-२३५६. हा राष्ट्रीय क्रमांक मोफत आहे, सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो, सोमवारी बंद. फोन केला की समुपदेशक तुमच्याशी तारीख ठरवतात आणि नंतर स्वतःहून विचारपूस करतात. या सेवेचं एक केंद्र मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये आहे. मराठीतून बोलायचं आहे, असं सुरुवातीलाच सांगा.

समोरासमोर बोलायचं असेल तर जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, गेवराईचं उपजिल्हा रुग्णालय, नाहीतर बीडचं जिल्हा रुग्णालय. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशन केंद्र असतं. ओपीडीत केसपेपर काढताना "तंबाखू सोडण्यासाठी आलोय" एवढंच म्हणा, नाहीतर तुम्हाला खोकल्याच्या रांगेत उभं करतील. क्षयाचे उपचार चालू असतील तर बिडी सोडण्याची निकड दुप्पट समजा. धुरामुळे उपचार फसण्याची आणि आजार उलटण्याची शक्यता वाढते.

आणि काही गोष्टींसाठी सोडण्याच्या तारखेची वाट पाहू नका. आरशासमोर उजेडात तोंड उघडा. आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात जातात का पाहा. गालाच्या आत, जिभेखाली, पुडी ठेवायच्या जागी पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, गाठ, गिळताना अडकणं, बसलेला आवाज, थुंकीतून रक्त, यातलं काही असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. पुढच्या तपासणीसाठी अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. कर्करोगाच्या अनेक उपचारांचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होतो. जाताना रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या, आणि दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला पैसे भरण्याच्या आधी भेटा, नंतर नाही.